जमिनीची तार

हरिहरने बॅटरीच्या दहाव्या भांड्याला सुईच्या यंत्राच्या तारा टेकवल्या. सुई ताडकन बाजूला झाली. म्हणजे यातही वीज होती. मोरचुदाचं पाणी निळंशार, जस्त घासलेलं. कालच त्याने सगळी भांडी साफ केली होती. तरी खडवली स्टेशनचं तारयंत्र सकाळपासून मुकं होतं.

"राहू दे रे," स्टेशनमास्तर भाऊ म्हणाले. "दुपारपर्यंत गाडी नाही."

"कल्याणहून तार येईल, भाऊ. उत्तराला काल संध्याकाळपासून कळा सुरू आहेत."

वडीलधाऱ्यांसमोर बायकोचं नाव घ्यायचं नसतं, याचंही त्याला भान नव्हतं. भाऊ बाहेर गेले.

उरलेली दोन भांडीही चांगली निघाली. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत. अखेर हरिहर टेबलाखाली वाकला. यंत्रापासून एक तार जमिनीत पुरलेल्या पत्र्याकडे जात असे. तिच्याशिवाय यंत्र चालत नसे. तिचं टोक मोकळं लोंबत होतं. गंजून तुटलं असतं तर एक वेळ ठीक. इथे तार आवळून धरणारं मळसूत्र कोणीतरी नीट काढून, हरवू नये म्हणून खिडकीत ठेवलं होतं.

पहाटे तो नदीवर आंघोळीला गेला तेव्हा यंत्रापाशी भाऊच बसले होते. दुसऱ्या कोणाला तार वाचता येत नव्हती.

तो उठून उभा राहिला, तर दारात भाऊ. स्टेशनमास्तर माणूस, आणि वाढलेलं ताट स्वतःच्या हातांत धरलेलं.

"आधी चार घास खाऊन घे, बाळ."

भाऊंनी त्याला कधी बाळ म्हटलं नव्हतं. वाईट बातमी असली की माणसाला आधी जेवू घालतात, मग सांगतात. वडील गेले तेव्हा त्यानेच आईला असं पानावर बसवलं होतं, आणि ती हात धुऊन उठेपर्यंत तोंडातून अक्षर काढलं नव्हतं.

"मूल?" त्याने विचारलं.

"आहे. मुलगी आहे." भाऊंनी ताट टेबलावर ठेवलं. "जेव."

मळसूत्र लावलं की यंत्र बोलू लागणार होतं. हरिहरने ते खिडकीतच राहू दिलं, निळे झालेले हात धुतले, ताट पुढे ओढलं आणि एकेक शीत वेचत, जमेल तितक्या सावकाश जेवू लागला.