‘लाम्पू तेरास’ची बी बाजू

आमच्या बांडुंगमध्ये दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी पंचवीस-तीस जण जमतात आणि ऐंशीच्या दशकातली एक कॅसेट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकतात. मध्ये बोलायचं नाही, गाणं पुढे पळवायचं नाही. ए बाजू संपली की दहा मिनिटं आल्याचं गरम बांड्रेक आणि भजी, मग बी बाजू. शेवटी हात वर करून ठरवायचं, या कॅसेटने वय पेललं की नाही. पेललं असेल तर ती फळीवर, नसेल तर खोक्यात. ज्यांच्या फोटोंनी त्या काळी पोरींच्या वह्या भरायच्या, असे भले भले लांब केसांचे रॉकवाले खोक्यात गेलेत. मला त्याचा आनंद होतो. माझा स्वभावच तसा आहे.

हे सगळं तियारा चालवते. सव्वीस वर्षांची पोरगी, जुन्या कॅसेटींचं दुकान आहे तिचं, त्याच्याच मागच्या खोलीत आम्ही बसतो. ती मला अबाह म्हणते, म्हणजे आजोबाच. मी एन्चेप सुहर्मान. एके काळी एका पाक्षिकात नव्या कॅसेटींवर लिहायचो, म्हणून माझं मत सगळ्यात शेवटी आणि जरा अदबीने विचारतात. माझे कान तिखट आहेत असं हे लोक मानतात. ही अफवा मीच पसरवली होती.

मागच्या महिन्यात निघताना तियाराने मला दारात अडवलं.

“अबाह, पुढची ‘लाम्पू तेरास’. आणि ऐका, इमास वुलानसारी स्वतः येतायत!”

“जिवंत आहे ती?”

“असं काय बोलता! गारुतला असतात. लग्नाचे कबाया शिवतात. मी तीन महिने मागे लागले होते.”

“कशाला त्रास देतेस म्हाताऱ्या बाईला?”

“तुमच्यापेक्षा सात वर्षांनी लहान आहेत. आणि तुमचं नाव सांगितलं तेव्हाच तर हो म्हणाल्या.”

मी कसाबसा हसलो. घरी गेल्यावर जेवण गेलं नाही.

कारण सांगतो. अडतीस वर्षं कोणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. १९८७ साल. मी भाड्याच्या खोलीत राहायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी लेख द्यायचा होता आणि हातात एका नव्या मुलीची कॅसेट होती, ‘लाम्पू तेरास’, म्हणजे ओसरीवरचा दिवा. ए बाजू ऐकली, बरी वाटली. कॅसेट उलटली आणि लाइट गेली. टेपमध्ये सेल होते, चार-पाच महिन्यांपूर्वी घातलेले. त्यांच्यावर बी बाजू लावली. पहिलं गाणं ठीक. दुसऱ्यात आवाज जड झाला. चौथ्यापर्यंत बाई एखाद्या पेंगुळलेल्या पुरुषासारखी गात होती.

सेल उतरलेत हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. गिटार खाली येत होती, ढोल खाली येत होते. पण तोवर माझ्या डोक्यात एक वाक्य तयार झालं होतं आणि मी त्या वाक्यावर इतका भाळलो होतो की सेलांचा विचारच केला नाही. ‘बी बाजूला आधी बाईचा घसा बसतो, मग सूर बसतो, मग साथीदार बसतात, आणि शेवटी ऐकणारा उठतो.’ मेणबत्तीच्या उजेडात ते लिहून काढलं आणि स्वतःशीच हसलो.

ते वाक्य गावभर झालं. रेडिओवर निवेदकाने वाचलं. कॉलेजच्या कट्ट्यांवर कोणी बेसूर गायलं की पोरं म्हणायची, बी बाजू लागली रे याची. संपादकाने पाठ थोपटली. लेख छापून आल्यावर नऊ दिवसांनी, रविवारी, मित्राच्या घरी तीच कॅसेट विजेवर ऐकली. बी बाजूच्या चौथ्या गाण्यात तिचा आवाज असा काही वर चढला की माझ्या हातातला घास तसाच राहिला आणि ते उतरलेले सेल आठवले. मित्र म्हणाला, “हिच्याबद्दलच लिहिलंस ना तू ते?” मी म्हणालो, “ती वेगळी.” एवढं खोटं बोललो आणि विषय बदलला. त्या मुलीची दुसरी कॅसेट कधी आली नाही.

तर परवाचा रविवार. इमासबाई आल्या त्या फिकट निळा कबाया, म्हणजे आमच्याकडचा लांब बाह्यांचा झंपर, घालून, केस बांधून, सोबत तांदळाच्या पापडांची मोठी पिशवी. सगळ्यांशी हात जोडून बोलल्या आणि सरळ माझ्या शेजारी येऊन बसल्या.

“तुम्हीच ना कांग एन्चेप?” कांग म्हणजे दादा. दादा म्हणाली ती मला. “तुम्हाला भेटायचं म्हणूनच आले.”

मी तयारीत होतो. शिव्या खाईन, मान खाली घालीन, सुटेन, असं ठरवून आलो होतो.

“आभार मानायचे होते,” ती म्हणाली. “तेव्हा सगळे तोंडावर गोड बोलायचे. कॅसेट कंपनीवाले, वादक, घरचे. तुम्ही एकट्याने खरं सांगितलं. वेळेवर थांबले. नाहीतर आणखी हसं झालं असतं माझं.”

तेवढ्यात तियाराने कॅसेट लावली आणि बोलणं बंद झालं. ए बाजूभर मी गुडघ्यांकडे बघत होतो. पोरं डोळे मिटून ऐकत होती. समोर बसलेली एक मुलगी रडायला लागली, तशी इमासबाईंनी लाजून पदर सावरल्यासारखी ओढणी सावरली.

मध्यंतरात त्या बांड्रेकचा पेला घेऊन मागच्या अंगणात गेल्या. मीही गेलो.

“बी बाजूला मी इथेच बसते,” त्या म्हणाल्या. “पोरांना सांगा, पाय दुखतात म्हणून. ती बाजू मी ऐकत नाही. तुमचा लेख वाचला त्यानंतर कधीच नाही ऐकली.”

आता गप्प बसणं सोपं होतं. तिचं आयुष्य तिने एका समजुतीवर नीट लावून घेतलं होतं, त्यात नवरा होता, मुली होत्या, शिलाईचं काम होतं. मी कोण ते विस्कटणारा, असा सोयीचा विचारही मनात आला. माझं मन असे विचार फार लवकर शोधून काढतं. पण आत टेपचं झाकण उघडल्याचा आवाज झाला आणि मी बोलून गेलो.

“इमास, तुमचा आवाज बसला नव्हता. माझ्या टेपचे सेल उतरले होते.”

“काय?”

“लाइट गेली होती. जुन्या सेलवर ऐकली मी ती बाजू. तुमचं काही चुकलं नव्हतं, काहीच नाही. आत जाऊन ऐका.”

त्यांनी पेला हळूच कट्ट्यावर ठेवला. माझ्याकडे बघितलं नाही. आत गेल्या आणि टेपच्या अगदी जवळ, जमिनीवर बसल्या. मी दाराशी उभा राहिलो. पहिलं गाणं, दुसरं, तिसरं. चौथ्यात तो आवाज वर चढला आणि चढलेलाच राहिला. इमासबाई ओठ न हलवता ऐकत होत्या. एकदाच त्यांचा हात स्वतःच्या गळ्याकडे गेला.

कॅसेट संपली. एकूण एक हात वर. तियारा म्हणाली, “अबाह, तुम्ही बोला.”

मी सगळं सांगितलं. वीज, सेल, मेणबत्ती. कोणीतरी विचारलं, नेमकं लिहिलं काय होतं, म्हणून ते वाक्यही म्हणून दाखवलं. मागे बसलेला एक जण फस्सकन हसला आणि लगेच तोंड दाबलं. वाक्य अजूनही हशा मिळवत होतं. तेव्हा मला माझी जितकी किळस आली तितकी कधी आली नव्हती. तियाराने माझ्या पुढ्यातली भज्यांची बशी उचलून नेली.

लोक पांगल्यावर इमासबाई माझ्यापाशी आल्या. आवाज शांत होता.

“कधी कळलं तुम्हाला?”

“अं?”

“सेल उतरले होते हे. आज सकाळी तर नाही ना कळलं?”

खोटं बोलता आलं असतं. “लेख आला, त्याच्या नऊ दिवसांनी.”

त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, टाके मोजावेत तसं.

“दुसरी कॅसेट ठरली होती माझी. गाणी बसवून झाली होती. तुमचा लेख आल्यावर मी रोज बहिणीला समोर बसवायचे आणि गायचे. विचारायचे, बसतो का गं आवाज? ती म्हणायची, नाही बसत ताई, शपथ नाही बसत. मी तिला म्हटलं, तू खोटारडी आहेस, माझं मन राखतेस. महिनाभर बोलले नाही तिच्याशी. लेख आल्यापासून एकविसाव्या दिवशी कंपनीत जाऊन नाही म्हणून सांगून आले.” मग त्यांनी पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. “म्हणजे बारा दिवस होते तुमच्याकडे.”

पिशवीतले उरलेले पापड तियाराकडे देऊन त्या गारुतच्या गाडीसाठी निघाल्या. मला कांग म्हणाल्या नाहीत.

तेव्हापासून मी ते बारा दिवस आठवतोय. सुमेदांगला चुलतभावाच्या लग्नाला गेलो होतो, तिथे दोन दिवस. बुटांना नवे तळवे लावून घेतले. आणखी एका कॅसेटवर लिहिलं, तेही खमंग जमलं होतं. एका दुपारी तर काहीच काम नव्हतं, म्हणून सायकल काढून उगाच भटकलो होतो, आणि तिची कंपनी होती त्याच रस्त्यावरून गेलो होतो. दार उघडं होतं.