आडव्या पट्ट्या

ताईने दुकानातल्या फळीवरून राखाडी लोकरीचे आणखी चार गुंडे काढले आणि ब्रेकबाईच्या पुढ्यात एकावर एक रचले.

"हा घे. मऊ आहे, धुवायलाही सोपा. पोंचो विण त्याचा. खांद्यावरून घेतलास की पार कमरेपर्यंत येईल. आतलं म्हणून काही कळायचं नाही कुणाला."

ब्रेकबाईने एक गुंडा उचलला, दाबून पाहिला आणि परत ठेवला.

"हा तंबू झाला, ताई. मी सोमवारी कामावर चालले आहे, डोंगरावर मुक्कामाला नाही."

मोटार चालवायला शिकवणाऱ्या शाळेत ती शिकवायला होती. नवशिक्याच्या शेजारच्या खुर्चीत बसायचं, समोरून ट्रक आला तरी आवाज चढवायचा नाही आणि वेळ आलीच तर आपल्या पायाखालचा ब्रेक दाबायचा, हे तिचं काम. शिकणाऱ्या मुलांनीच तिचं नाव ब्रेकबाई पाडलं होतं आणि तेच पुढे सगळीकडे झालं. उन्हाळ्यात तिचा डावा स्तन काढावा लागला. मग औषधं, मग केस गळणं, मग पुन्हा उगवणं. या सगळ्या काळात थोरली बहीण स्वतःचं घर मुलांवर सोपवून तिच्याकडे येऊन राहिली. तिने चमच्याने पेज भरवली, उलटीचं भांडं धरलं, रात्री कूस बदलली तरी दिवा लावून पाहिलं. जीव वाचला, आणि त्या दिवसापासून ताईच्या मनाने दुसराच ध्यास घेतला. कुणाला काही कळता कामा नये. शेजाऱ्यांना तिने पाठीचं ऑपरेशन सांगितलं होतं. ब्रेकबाईच्या प्रत्येक शर्टाला आतून स्पंज शिवला होता. मागच्या आठवड्यात ब्रेकबाई सहज गाडी फिरवायला गेली, तिने सीटचा पट्टा लावला आणि पहिल्याच वळणावर तो स्पंज सरकून काखेत जाऊन बसला. तिने गाडी कडेला घेतली, टाके उसवून तो काढला आणि मग हसत सुटली. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा मात्र काचा वर केल्या.

दुकान लहानसंच होतं. तीन भिंतींना छतापर्यंत लोकर, मधे एक लांब टेबल. टेबलाशी एक गिऱ्हाईक बाई मोजा विणत बसली होती. तिने टाच वळवायला घेतली होती, त्यामुळे मान खाली, पण कान मात्र इकडेच. दुकान चालवणाऱ्या काकू गळ्यात टेप अडकवून हातातल्या सुया आकाराप्रमाणे लावत होत्या.

"मला स्वेटर हवाय, काकू," ब्रेकबाई म्हणाली. "अंगाबरोबर बसणारा. झोळ नको."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठीच. माप मात्र नीट घ्यावं लागेल. मला डावी छाती नाही. ऑपरेशनमध्ये काढली."

मोज्यावरच्या सुया थांबल्या.

"अगं, हळू!" ताई कळवळून म्हणाली. मग काकूंकडे वळून, "पाठीचंही झालंय तसं थोडं—"

"पाठ धडधाकट आहे माझी," ब्रेकबाई म्हणाली.

काकूंनी सुया खाली ठेवल्या. त्यांच्या चेहऱ्यावर ना कीव आली ना घाई. त्यांनी गळ्यातला टेप काढला. "मग पुढचा भाग दोन्हीकडे सारखा नाही चालायचा. तसा विणलात तर डावीकडे पोकळ फुगा राहील. बघू, माप घेऊ."

"आत पडदा वगैरे आहे का?" ताईने विचारलं.

"आत सामानाची खोली आहे. पण—"

"इथेच घ्या," म्हणत ब्रेकबाईने जॅकेट काढून टेबलावर टाकलं. आत स्पंज उसवलेला तोच साधा, पातळ शर्ट होता. ती दारातून येणाऱ्या उजेडात सरळ उभी राहिली, हात थोडे बाजूला करून. टेप उजवीकडून चढला, मधे आला आणि डावीकडे सपाट टेकला.

"दुखतं का इथे?"

"नाही. बधिर आहे. तुमचा हात लागलेलाही कळला नाही."

मोजेवाली एवढ्यात हळहळून बोलली. "माझ्या मावसबहिणीचं असंच झालं होतं हो. पण बाई मोठी धीराची. अगदी शेवटपर्यंत कुणाला पत्ता लागू दिला नाही तिने."

"किती एकटी पडली असेल," ब्रेकबाई म्हणाली.

मोजेवालीने मान खाली घालून पुन्हा सुया चालवायला घेतल्या. ताई पाठ फिरवून फळीवरचे गुंडे नीट लावू लागली. ते आधीच नीट होते.

काकूंनी कागदावर आकडे मांडले. "उजवीकडे मधेच काही ओळी जास्त घालाव्या लागतील. डावीकडे नाही. एका रंगात विणलंत तर विणीत मुरून जाईल. आडव्या पट्ट्या मात्र टाळा. एका बाजूला पट्टी रुंद होईल, दुसऱ्या बाजूला अरुंद. समोरच्याला लगेच कळेल."

"मग पट्ट्याच घेऊ."

"विचार करा. उसवायला जिवावर येतं नंतर."

"केलाय विचार. सगळा उन्हाळा दुसरं काय करत होते?"

पहिला रंग तिने झटक्यात निवडला, मोरपिशी. लडी टेबलावर आपटली तेव्हा दुकानात जणू कुणीतरी खिडकी उघडली. मग ती दुसऱ्या रंगासाठी फळीपाशी गेली. तिचा हात पिवळ्यावर थांबला, किरमिजीवर थांबला, पुढे सरकला. बराच वेळ ती तशीच उभी होती. शेवटी तिने खालच्या कप्प्यातून एक लडी काढली. तीही मोरपिशीच, जेमतेम एक छटा गडद.

"ही बरी दिसेल," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

काकूंनी चष्मा वर सरकवला.

ताई पुढे आली. तिने दोन्ही लड्या उचलल्या, दारापाशी उजेडात नेल्या, शेजारी शेजारी धरल्या.

"ही कशाला?" ती एकदम करवादली. "पट्टी आहे की नाही ते भिंग लावून बघायचं का लोकांनी?"

"ताई—"

ताईने ऐकलंच नाही. गडद लडी कप्प्यात कोंबून ती थेट दर्शनी काचेतल्या टोपलीकडे गेली, आत कोपरापर्यंत हात घालून खालची लोकर वर केली आणि परत आली ती शेंदरी घेऊन.

"भडक आहे गं," ब्रेकबाई म्हणाली.

"आहेच."

मोजेवालीने शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली. ताई तिथे बसली, लडी उलगडली, दोन्ही मनगटांवर चढवली आणि हात पुढे केले.

"गुंडाळ. आवळू नकोस फार."

ब्रेकबाई तिच्यासमोर बसली. लोकरीचं टोक तिला सापडेना. डोळे पुसून पुन्हा शोधलं, तेव्हा सापडलं.

"सोमवारपर्यंत होणार थोडंच आहे हे," ताई म्हणाली. "सोमवारी काय घालशील?"

"हेच. हाच शर्ट."

इतक्यात दार ढकलून दोन-तीन गिऱ्हाइकं आत आली. ताईची नजर चटकन टेबलावरच्या जॅकेटकडे गेली आणि हातही सवयीने उचलले गेले. पण मनगटांवर शेंदरी लोकर ताणलेली होती. क्षणभर ते हात हवेतच राहिले. मग तिने ते पुन्हा बहिणीसमोर नीट धरले, कोपरं टेबलावर टेकवली आणि येणाऱ्यांकडे मान वर करून बघू लागली.