न्यूमोनियानं गेलेली आजी

वेंडेल रिटनौर दारू पीत नव्हता. पण टॅनर काउंटीत त्याच्या थोरल्या बहिणीखेरीज हे कुणालाही खरं वाटत नव्हतं.

लोकांचं तरी काय चुकलं म्हणा. पस्तिशीचा धडधाकट माणूस भर दुपारी रस्त्यानं झोकांड्या खात चालायचा. बोलताना जीभ अडखळायची, मान मध्येच झटका द्यायची, हातातला कप कधी सुटेल याचा नेम नसायचा. धान्याच्या कोठीवरची नोकरी गेली. शेरीफच्या माणसांनी कितीदा तरी रस्त्याच्या कडेवरून उचलून कोठडीत टाकलं. एका संध्याकाळी त्यानं जेवणाचं ताट भिंतीवर भिरकावलं आणि त्याची बायको कॅरल दोन्ही मुलं घेऊन माहेरी निघून गेली. जाताना तिनं प्रोबेट कोर्टात अर्ज केला: नवऱ्याला दारूनं वेड लागलंय, त्याला राज्याच्या वेड्यांच्या इस्पितळात ठेवा. सुनावणी शुक्रवारची पडली.

ही थोरली बहीण लोएटा कोठडीत त्याला भेटायला गेली, तेव्हा तो गजांना तोंड लावून म्हणाला, "लो, तू तरी माझं तोंड हुंगून बघ."

तिनं खरंच हुंगलं. नुसता तिथल्या साबणाचा वास होता.

हमी भरून तिनं त्याला सोडवलं आणि सोमवारी शहरातल्या मेंदूच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरनं वेंडेलला जीभ बाहेर काढून तशीच ठेवायला सांगितलं. ती राहीना. सापाच्या जिभेसारखी आत-बाहेर होत राहिली. डॉक्टरनं मग वेंडेलला बाहेर बसवलं आणि लोएटाला विचारलं, "तुमचे वडील कशानं गेले?"

"बंदूक साफ करताना उडाली. छत्तिशीत होते. मी अकराची असेन तेव्हा."

"आणि त्यांचे आईवडील?"

"आजोबा म्हातारे होऊन गेले. आजी माझ्या जन्माआधीच न्यूमोनियानं गेली म्हणतात."

डॉक्टरनं चष्मा काढला. "हे बघा, माझ्या मनात एका रोगाचं नाव आहे. तो रक्तातून उतरतो. आई नाहीतर बापाकडून मुलांत, आणि मुलांकडून त्यांच्या मुलांत. पण रक्त तपासून तो सापडत नाही, घराणं तपासूनच सापडतो. तुमच्या घराण्यात असं कुणीच झालं नसेल तर मी कोर्टाला काय लिहून देणार? ते म्हणतील, दारूच."

परतीच्या वाटेवर वेंडेल नुसता मांडीवरचा हात दुसऱ्या हातानं दाबून धरून बसला होता.

वडिलांकडचं एकच माणूस हयात होतं, बर्था आत्या. लग्न न करता राहिलेली, चर्चमध्ये पियानो वाजवणारी, गावात एका छोट्या घरात एकटी राहणारी बाई. लोएटा गेली तेव्हा ती शेंगा मोडत बसली होती.

"आत्या, आजी कशानं गेली गं?"

"न्यूमोनियानं."

"पुरलंय कुठे तिला? आजोबांशेजारी तर थडगं नाही तिचं."

"लांब."

"लांब म्हणजे कुठे?"

बर्थानं हातातली शेंग कडकन मोडली. "मेलेल्यांना उकरू नये, लोएटा. उकरायचं काम कुत्र्यांचं."

आणि तिनं पुढची शेंग उचलली.

मंगळवारी लोएटानं शाळेच्या स्वयंपाकघरातल्या कामावर दांडी मारली आणि कोर्टाची पायरी चढली. प्रोबेट कोर्टात ती आजवर एकदाच आली होती, लग्नाचा परवाना काढायला. मृत्युपत्रं, वाटण्या, पोरक्यांचे पालक, वेड्यांचे हुकूम, सगळं तिथेच. कारकून ऑपल दील तिच्याच चर्चमधली. आधी तिनं मृत्यूंची नोंदवही काढून दिली. लोएटानं पानामागून पान पाहिलं. तिच्या जन्माआधीच्या कुठल्याच वर्षात आजी, आयडा रिटनौर, मेली नव्हती. मेली नाही तर मग गेली कुठे, वेंडेलला पाठवायचं म्हणतायत तिथेच तर नाही?

"मिस दील, वेड्यांच्या चौकशीचे कागद बघायचेत मला. जुने."

"ते कुलपात असतात. जजसाहेबांच्या परवानगीशिवाय नाही मिळत."

"शुक्रवारी माझ्या भावाची—"

"शुक्रवारी काय आहे ते ठाऊक आहे मला. कॅरलच्या अर्जावर शिक्का मीच मारलाय." ऑपलनं मान वळवली. "बाकीच्या सूच्या उघड्या आहेत. बघायच्या तर बघ."

सूच्या म्हणजे मांडीवर न मावणारी पुस्तकं. वारशांच्या सूचीत आजी नव्हती, मृत्युपत्रांच्यात नव्हती. लोएटाच्या डोळ्यांपुढे अक्षरं पोहायला लागली. आर अक्षराची पानं तिनं दोनदा पालथी घातली. मग तिच्या मनात आलं, शाळेत मास्तरीणबाईसुद्धा आपलं आडनाव नेहमी चुकीचं लिहायच्या, टी-च्या जागी डी. तिनं तसं शोधलं. पालकत्वाच्या सूचीत नाव होतं: रिडनौर, आयडा.

"पालक?" ती ऑपलपाशी गेली. "ही माझी आजी आहे. ती काय लहान मूल होती?"

ऑपलनं एकदा जजच्या दाराकडे पाहिलं. "पालक काही फक्त पोरांनाच नेमत नाहीत," ती हळूच म्हणाली, आणि टाइपरायटरकडे वळली.

फायलीत आजोबांच्या, ऑटो रिटनौरच्या, सहीचे हिशेब होते. बायकोला माहेराहून आलेला जमिनीचा तुकडा सांभाळायला कोर्टानं नवऱ्यालाच तिचा पालक नेमलं होतं, आणि तो दरवर्षी खर्च लिहून देत होता. इस्पितळाचं शुल्क. कापडी बूट, फार लवकर झिजतात म्हणून आणखी एक जोड. उंच कठड्याची खाट. पट्ट्यांची खुर्ची. फुटलेल्या कपांची भरपाई. पुढच्या वर्षी पुन्हा फुटलेले कप. मग पत्र्याचा कप. वर्षं पुढे सरकत होती आणि आजी मरत नव्हती. लोएटाच्या जन्माचं साल गेलं, वेंडेलच्या जन्माचं गेलं, बाबा गेले ते साल गेलं. शेवटचा हिशेब एक्कावन्न सालचा: शवपेटी, इस्पितळाच्या आवारातलं दफन.

एक्कावन्न साली लोएटा पंधरा वर्षांची होती. आजोबा तेव्हा महिन्यातून एकदा ट्रक घेऊन सबंध दिवस कुठेतरी जायचे. अंडी विकायला, म्हणायचे. एवढी अंडी देणाऱ्या कोंबड्या आपल्याकडे होत्या कुठे, हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

तिला तिथेच भडभडून आलं. हिशेबात रोगाचं नाव कुठेच नव्हतं, नुसते फुटलेले कप होते. आणि कपांवरून कुठलं कोर्ट ऐकतं?

ती तडक जज कारमायकलच्या खोलीत घुसली. ऑपल मागून "अगं, अगं" करत राहिली.

"त्या कागदांना कुलूप लावलंय ते घराण्याची अब्रू राखायला, बाई," जज म्हणाले.

"कुणाची अब्रू, जजसाहेब? आजी इस्पितळाच्या आवारात मातीत गेली. अब्रू राहिलीय ती माझ्या भावाची, आणि तिचे धिंडवडे तर रोज निघतायत. शुक्रवारी तुम्ही त्यालाही त्याच जागी पाठवणार. पाठवायच्या आधी निदान वाचा तरी! मला दाखवू नका. तुम्ही वाचा."

जजनं एक कोरा कागद तिच्याकडे सरकवला. मग म्हणाले, "लेखी अर्ज द्या. नात्यानं कोण ते लिहा."

तिनं लिहून दिला. त्या रात्री तिला झोप अशी लागलीच नाही. व्हर्नला, तिच्या नवऱ्याला, ती एकच गोष्ट पुनःपुन्हा विचारत होती, "नाहीच म्हणाले तर?" आणि व्हर्न बिचारा दर वेळी म्हणत होता, "बघू."

बुधवारी जजनं तिला बोलावून समोर बसवलं. टेबलावर पिवळा पडलेला एक छापील कागद होता, एकीकडे प्रश्न, दुसरीकडे डॉक्टरच्या हातची उत्तरं. जजनं तो तिच्याकडे फिरवला.

किती काळ अशी आहे? पाच वर्षं. दारू घेते का? कधीच नाही. लक्षणं? हात, पाय, चेहरा सतत हलतात, झोपेत तेवढे थांबतात. वस्तू फेकते, मग रडते. घराण्यात आणखी कुणाला? बाप असाच मेला, एक भाऊ, एक बहीण. आणि खाली निदान: वंशपरंपरेनं आलेला कोरिया.

"कोरिया?" लोएटा म्हणाली. "पण ते युद्ध तर कितीतरी नंतर झालं."

"मलाही कोश उघडावा लागला," जज म्हणाले. "तो देश नव्हे. ग्रीक शब्द आहे, नाच अशा अर्थाचा. अंग आपसूक हलतं, म्हणून."

तर वेंडेल दारुडा नव्हता. हे कागदावर होतं, काळ्या शाईत, त्याच्या जन्माच्याही आधीपासून. लोएटाला हसू फुटणार होतं, पण ते ओठांपर्यंत येण्याआधीच डॉक्टरचं बोलणं तिला आठवलं. आई नाहीतर बापाकडून मुलांत, आणि मुलांकडून त्यांच्या मुलांत. आजीकडून बाबांत. बाबांकडून वेंडेलमध्ये. बाबांना काही एकच मूल नव्हतं.

तिचे हात टेबलावर होते. ती त्यांच्याकडे बघत राहिली. ते थरथरत होते, पण ते भीतीनं की आणखी कशानं, हे कोण सांगणार?

"तुम्हाला मुलं?" जजनं विचारलं.

"एक मुलगी. जुलैत बाळंत व्हायचीय."

जज खिडकीबाहेर बघू लागले. लोएटानं पुन्हा कागदावर नजर टाकली, कुठे तरी टाकायला हवी म्हणून. सगळ्यात खाली माहिती देणाऱ्याचं नाव आणि सही होती. बर्था रिटनौर, मुलगी.

ती आत्याच्या दारात उभी राहिली ती चवताळूनच. "तुझी सही आहे त्याच्यावर!"

बर्थानं तिला आत घेतलं, दार लावलं. आज तिच्या हातांना काही काम नव्हतं. "एकोणीस वर्षांची होते मी. जज विचारत होता, मी सांगत होते. आई समोरच्या खुर्चीत होती. तिला सगळं कळत होतं, लोएटा. वेडी नव्हती ती. मी एकेक सांगत होते आणि ती माझ्याकडे बघत होती."

"मग आम्हाला का नाही सांगितलंस?"

"तुझ्या बापाला सांगितलं होतं, हे रक्तातून उतरतं म्हणून. लग्नाच्या आदल्या दिवशी. हसला माझ्यावर. म्हणाला, बर्था, तुला नवरा मिळत नाही म्हणून माझाही संसार नको का तुला?" ती जरा थांबली. "पुढे त्याची बशीवरची कपाची किणकिण थांबेना, तेव्हा नाही हसला. बंदूक कुणी साफ करत नव्हतं त्या दिवशी."

लोएटानं खुर्ची ओढून घेतली.

"मला विचारलं होतं एकानं," बर्था म्हणाली. "क्लाइड एबरसोल. चांगला माणूस होता. मी नाही म्हटलं, आणि का ते सांगितलं नाही. म्हटलं, आपल्याबरोबर हे संपून जाऊ दे. दर वर्षी वाट बघितली. चाळिशीला, पन्नाशीला. आणि बघ, मला काही झालंच नाही. साठी उलटली माझी. सगळं फुकट गेलं."

"शुक्रवारी हे कोर्टात सांगशील?"

"एकदा कोर्टात बोलले, त्याचं हे असं झालं," बर्था म्हणाली. पण शुक्रवारी ती आली. चर्चला घालायची ती टोपी घालून आली आणि जजपुढे उभी राहून पुन्हा एकदा सगळं बोलली, आईबद्दल, लोएटाच्या बापाबद्दल, लेस्टरबद्दल, या खेपेला मोठ्या आवाजात. शहरच्या डॉक्टरनं जुना कागद वाचून दोन ओळी लिहून पाठवल्या होत्या. जजनं कॅरलचा अर्ज फेटाळला.

वेंडेलनं लोएटाच्या बाहीला धरलं. "म्हणजे मी वेडा नाही?"

"नाही."

"आणि दारुडा?"

"नाही रे."

"मग बरा होईन?"

लोएटानं त्याची कॉलर नीट केली. तेवढ्यात मागच्या बाकावर कॅरल ओरडली, "आणि माझी मुलं? मुलांचं काय?" ती उठली आणि धक्के मारत बाहेर पडली. कुणी तिला अडवलं नाही.

वेंडेल लोएटाच्या घरी मागच्या खोलीत राहायला आला. रविवारी लोएटा म्हणाली, आपण लेकीकडे, जोनेलकडे जाऊ.

"अगं, बाळंत होऊ दे तिला," व्हर्न म्हणाला. "तोवर गप्प राहिलं तर काय बिघडलं?"

"आमच्यात सगळे असंच म्हणत आले, व्हर्न."

जोनेल सोफ्यावर पाय वर घेऊन बसली होती. लोएटानं तिच्या शेजारी बसून सगळं सांगितलं, इस्पितळ, कप, बंदूक, काही न लपवता. जोनेल शेवटी म्हणाली, "तुला झालाय?"

"माहीत नाही."

"कधी कळेल?"

"होईल तेव्हा. नाहीतर म्हातारी होऊन मरेन तेव्हा."

"आणि हे मला आता सांगतेस? आता? मी काय करू याचं?" तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं. "जा तू, आई. प्लीज, जा."

लोएटा उठून गेली. जून सबंध गेला, जोनेलनं फोन उचलला नाही. जुलैत एका पहाटे तिच्या नवऱ्याचा फोन आला. मुलगी झाली होती, आणि जोनेल म्हणत होती, आईला बोलव. लोएटा गेली. जोनेल भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिनं वळून पाहिलं नाही, नुसती पलंगावर जरा सरकली आणि आईला बसायला जागा करून दिली.