तिसरी सुटका

कायदा असं सांगतो की वेश्याव्यवसायावर छापा घालायचा तर सोबत त्याच परिसरातले दोन प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून न्यावेत, आणि त्यांत निदान एक बाई असावी. हे दिल्लीत ठरलं. दिल्लीत प्रतिष्ठित माणसं मुबलक असणार. आमच्याकडे एरवी ती चौकाचौकात फ्लेक्सवर दिसतात, पण छाप्याच्या दिवशी सकाळी दहानंतर एकदम दिसेनाशी होतात.

पुरुष पंचाची अडचण नव्हती. नेमीचंद शेठ होतेच. पणजोबा मारवाडातून आलेले, बाजारपेठेत कापडाचं दुकान, आणि गेली पंचवीस वर्षं पोलिसांचे हक्काचे पंच. अपघात, घरफोडी, एकदा विहिरीत पडलेला बिबट्या, सगळ्यांवर शेठची सही आहे. सही करताना ते चष्मा काढून ठेवत. वाचलं की शंका येते आणि शंका आली की कोर्टात जावं लागतं, असं त्यांचं अनुभवाचं मत.

बाई मिळेना. सरपंचबाईंना ताप भरला. शाळेतल्या मॅडमना जनगणनेचं काम आठवलं. महिला मंडळाच्या अध्यक्षा माहेरी निघून गेल्या. त्यांचं माहेर समोरच्या आळीत होतं, पण त्या दिवशी ते फार लांब पडलं. फौजदार साहेब वैतागून ठाण्यात परतले, तर बाकावर प्रयागबाई बसलेली.

प्रयागबाई महाळुंगे पडवळची. दिवाळीत तिच्या विहिरीवरची पाच हॉर्सपॉवरची मोटर चोरीला गेली होती. तेव्हापासून दर मंगळवारी ती येऊन बसायची. मोटरचा पंचनामा विहिरीवर झालाच नव्हता, फाट्यावरच्या चहाच्या टपरीत झाला होता, आणि त्यात मोटर तीन हॉर्सपॉवरची झाली होती. चोराचं नाव तिनं बापासकट सांगितलं होतं. त्यावर साहेब म्हणाले होते, "बाई, पंचनाम्यात डोळ्यांनी पाहिलेलं लिहितात. ऐकीव चालत नाही. जे कागदावर नाही ते झालंच नाही." हे वाक्य तिनं पाठ करून ठेवलं होतं.

"मावशी," साहेबांनी विचारलं, "तुम्ही प्रतिष्ठित आहात का?"

"काय करावं लागतं त्यात?"

"काही नाही. सोबत यायचं, पाहायचं आणि सही करायची."

"पाह्यला खरंच जायचं व्हय?" प्रयागबाईला नवल वाटलं. "माझ्या टायमाला कुणी आलं न्हाई."

अशा रीतीनं दुपारी दोन वाजता परिसराला दुसरी प्रतिष्ठित व्यक्ती मिळाली.

आता राहिलं बनावट गिऱ्हाईक. खुणेच्या नोटा घेऊन त्यानं आधी आत जायचं, नोटा बाईच्या हातात द्यायच्या आणि साहेबांना मिस कॉल मारायचा, म्हणजे छापा. या कामाला सात जण नाही म्हणाले. सातही विवाहित होते, घरी उत्तर द्यायचं होतं. म्हणून राजुरीचा रामदास निवडला. वय चौतीस, बारमाही पाणी, ठिबकवरचा टोमॅटो, दोन ट्रॅक्टर आणि बायको नाही. शेतकरी मुलगा नको म्हणून आजवर एकवीस मुलींनी नाही सांगितलं होतं. तो वरच्या खिशात आपला बायोडाटा लॅमिनेशन करून ठेवायचा. पावणं कुठं भेटतील सांगता येत नाही.

फाट्यावरच्या लॉजच्या मागं नूतन नावाची बाई भाड्याच्या खोलीत राहायची. तिच्याबद्दल संस्कृतीची काळजी असलेल्या काही ग्रामस्थांचा निनावी अर्ज आला होता. रामदास अडीचला आत गेला. बाकीचे चिंचेखाली टेम्पोत बसून राहिले. साहेब, महिला पोलीस तेजस्विनी, शेठ आणि प्रयागबाई. तेजस्विनीच्या मांडीवर पंचनामा तयार होता. 'आक्षेपार्ह अवस्थेत मिळून आले', 'पीडित महिलेची सुटका केली' वगैरे सगळं आधीच टाईप केलेलं. फक्त खोली नंबर आणि वेळ मोकळी. शेठनी चष्मा काढला आणि सही करून टाकली.

"आत जायच्या आधीच?" प्रयागबाईनं विचारलं.

"मग काय झालं? नंतर गर्दी होते," शेठ म्हणाले.

पावणेतीन झाले, तीन झाले, सव्वातीन झाले. मिस कॉल येईना.

"एवढा वेळ लागतो का, साहेब?" शेठनी चौकशी केली.

"मला काय माहीत?" साहेब जरा जोरातच म्हणाले, आणि तेजस्विनी खिडकीबाहेर बघायला लागली.

साडेतीनला साहेबांचा धीर संपला. सगळे धावत गेले, दार ढकललं आणि साहेब ओरडले, "कोणी हलायचं नाही!"

कोणी हलतच नव्हतं. रामदास पालथ्या बादलीवर बसून रडत होता. समोर वरण-भाताचं ताट, अर्धं संपलेलं. खाटेच्या कडेला नूतन बसली होती. वय असेल पस्तीस, अंगावर सुती साडी, हातात मार्कर पेन, मांडीवर बायोडाटा. दोरीवर शाळेचा गणवेश वाळत होता.

"शेतीची आवड असावी, आणि पुण्यात नोकरी असल्यास उत्तम," नूतन वाचत होती. "रामदासभाऊ, ती काय रोज ट्रॅक्टरवर पुण्याला जाणार?" मग तिचं लक्ष दाराकडं गेलं. गणवेश बघितला, भिंतीवरचं घड्याळ बघितलं, आणि तिच्या तोंडाचा रंगच उतरला. "साहेब, आज नको. पाचला पोरगी येती शाळेतून."

"घाबरू नका. आम्ही तुमची सुटका करायला आलोय."

"म्हणून तर घाबरले. दोनदा झालीय माझी सुटका."

"मग?" प्रयागबाईनं विचारलं. ती दाराजवळच्या डब्यावर बसली होती. पाहायचं म्हणजे नीट पाहायचं.

"पहिल्या सुटकेत अकरा महिने सुधारगृहात कोंडली. बाहेरून कुलूप. मेणबत्त्या करायला शिकवलं. मेणबत्त्यांवर घर चालत असतं तर मी इकडं आलेच नसते, मावशी. पोरगी अक्षदा तवा चार वर्षांची, तिला दुसऱ्याच जिल्ह्यात नेलं. सुटल्यावर ती मला वळखंना. दुसऱ्या टायमाला पाच महिने. तिचं वर्ष गेलं, आणि खोलीतली भांडी मालकानं विकली. आता सातवीत हाय. तिसरी सुटका मला न्हाई परवडायची."

साहेब तसे वाईट माणूस नव्हते. महिनाअखेर होती आणि वरून एक सुटका मागितली होती, एवढंच. ते रामदासकडं वळले. "नोटा दिल्यास का?"

रामदासनं नाक पुसलं. "देत व्हतो. पण बायोडाटा खिशातून खाली पडला. बाई म्हणल्या, हे काय? मग मी सगळं सांगितलं. एकविसाव्या मुलीपर्यंत आलो आणि रडू आलं राव."

"मिस कॉल?"

"ध्यानातच न्हाई राह्यलं."

"लग्नाचं बोलायचे पैसे न्हाई घेत मी," नूतन म्हणाली.

साहेबांनी प्रयागबाईपुढं कागद धरला. "मावशी, सही करा इथं. मग तुमच्या मोटरचं बघतो."

"आधी वाचून दाखवा."

तेजस्विनीनं वाचलं. 'आक्षेपार्ह अवस्थेत' आलं तिथं प्रयागबाईनं हात वर केला.

"आक्षेपार्ह म्हंजी?"

साहेब खोकले. "म्हणजे... जसं नसावं तसं."

"भात जरा गिचका झालाय. तेवढंच हाय तसं."

"मावशी, ही भाषा ठरलेली असते. शेठनी केली की सही!"

"त्यांनी टेम्पोत केली. तिथून त्यांना चिंच दिसत व्हती." प्रयागबाईनं पदर खोचला. "लिवा पोरी. बादली एक, पालथी. तिच्यावर पावणं एक, रडत असलेलं. ताट एक. गणवेश एक, ओला. बायोडाटा एक, प्लाष्टिकचा."

तेजस्विनीनं साहेबांकडं पाहिलं. साहेबांनी छताकडं पाहिलं. तिनं लिहायला घेतलं.

शेठ मात्र अस्वस्थ झाले होते. त्यांनी टाईप केलेला कागद घेतला आणि पंचवीस वर्षांत पहिल्यांदा चष्मा लावून पंचनामा वाचला. "साहेब, ह्यात मी दाराच्या फटीतून पाहिलं असं लिहिलंय! कोर्टात आमच्या बायकोनं, कंचनबाईनं विचारलं तर?"

"कंचनबाई कोर्टात कशाला विचारतील?"

"ती घरी विचारेल. ते जास्त कडक असतं. माझी सही मला परत द्या."

सही परत द्यायची कशी, याची तरतूद कायद्यात नव्हती. साहेब घामाघूम झाले. त्यांनी थेट नूतनलाच विचारलं, "हे सगळं राहू द्या. तुम्ही हा धंदा करता की नाही?"

रामदासनं मान हलवून 'नाही म्हणा' अशी खूण केली.

"करते," नूतन म्हणाली. "पोरगी शाळेत असताना. मी कुणाला धंद्याला आणलेलं न्हाई, मला कुणी ठेवलेलं न्हाई, आणि हे मी लपवलेलं न्हाई. दिवाळीत एकानं मला मारलं. हात मोडला तवा मी स्वतः तुमच्या ठाण्यात आले व्हते. तुमी म्हणालात, तुझ्यासारखीची तक्रार कशी घेणार? बोलावलं तवा आला न्हाई साहेब. आज न बोलावता आला."

"घ्या!" साहेबांनी टाळी वाजवली. त्यांनी फक्त पहिला शब्द ऐकला होता. "कबूल केलं. लिहा. मावशी, आता तरी सही?"

प्रयागबाई नूतनकडं बघत होती. "दिवाळीत गेली व्हतीस? कुठल्या वारी?"

"मंगळवार असंल."

"मी बी मंगळवारचीच. तुझी बी घेतली न्हाई?"

"न्हाई."

प्रयागबाई साहेबांकडं वळली. "ती करती म्हणती, ते तुमी डोळ्यांनी पाह्यलं का?"

"अहो, ती स्वतः सांगतेय!"

"म्या बी सांगितलं व्हतं, मोटर कुणी नेली ते. बापाच्या नावासकट. तुमी काय म्हणलात? ऐकीव चालत न्हाई. पाहिलेलंच लिवायचं. मग म्या पाह्यली बादली, पाह्यला भात. बाकीचं ऐकीव हाय."

"ते वेगळं!"

"कसं वेगळं? मोटर लोखंडाची म्हणून?"

साहेबांनी मनात हिशेब मांडला. दुसरी बाई पंच शोधावी तर सरपंचबाईंचा ताप संध्याकाळपर्यंत उतरणार नव्हता. बाईच्या सहीशिवाय नेलं तर वकील कोर्टात सालटं काढणार. घड्याळात साडेचार झाले होते.

"तुमची मोटर आता कधीच सापडायची नाही, मावशी," ते थकून म्हणाले.

"तशी ती कुठं सापडत व्हती?"

नव्या पंचनाम्याच्या शेवटी तेजस्विनीनं लिहिलं, 'आक्षेपार्ह काही आढळले नाही.' मग साहेबांची नजर चुकवून तिनं नूतनला हळूच सांगितलं, "हाताची तक्रार द्यायला सोमवारी या. सोमवारी माझी ड्युटी असते." प्रयागबाईनं एकेक अक्षर जोडून सही केली. शेठनी चष्मा न काढता केली, आणि टेम्पोतला कागद घडी घालून स्वतःच्या खिशात टाकला.

साहेब निघाले तशी नूतन दारात आडवी आली.

"साहेब, एक कॉपी मला द्या."

"तुम्हाला कशाला?"

"पुढच्या सुटकेला दाखवायला."

तेजस्विनीनं कार्बनखालचा कागद काढून दिला. नूतननं तो दोन्ही हातांनी धरला, आणि ठेवावा कुठं म्हणून खोलीभर पाहिलं.

"असा नका ठेवू, ताई," रामदास बादलीवरून उठत म्हणाला. ताटातला भात त्यानं संपवला होता. "ओला झाला की गेला. मी उद्या लॅमिनेशन करून आणतो. माझा माणूस हाय वळखीचा."

"आधी अपेक्षा खोडा तुमच्या," नूतन म्हणाली आणि बायोडाटा त्याच्या हातात दिला. पुण्याची नोकरी तिनं आधीच काळी केली होती.

बाहेर रस्त्यावर शाळेच्या गाडीचा हॉर्न वाजला. नूतननं गणवेश चाचपून पाहिला, अजून दमट होता. तिनं तो उलटा करून दोरीवर टाकला आणि भात पुन्हा गॅसवर ठेवला.