धसकटांचं रान

“मॅडम, ती धूळ परत आली तर दोष कुणाचा? आभाळाचा का आमच्या अप्पांचा?”

शेवंताच्या प्रश्नाला सगळा हॉल हसला. तिच्या मैत्रिणी पल्लवी आणि आरुषीनं तर पुढच्या बाकाआड तोंडं लपवली. “विचारून दाखव, नाहीतर उद्यापासून तुला शेवंताआजी म्हणणार,” ही पैज त्यांचीच. शेवंताला आजीचं नाव होतं आणि गेल्या वर्षापर्यंत ती हजेरीलासुद्धा पुटपुटायची. यंदा भाषणात बक्षीस मिळालं अन् गळ्यातलं बूच निघाल्यागत झालं. आता ती थांबायचंच नाव घेत नव्हती.

पार्वती मॅडम मातीच्या अभ्यासक. अमेरिकेतल्या शंभरेक वर्षांपूर्वीच्या धुळीच्या वादळांची चित्रं दाखवायला त्या धारवाडच्या शाळेत आल्या होत्या. गावावर चालून येणारी काळी भिंत, तिच्यापुढं काडेपेट्यांसारखी घरं. त्यांना प्रश्नाचा राग आला नाही.

“काय करतात तुझे अप्पा?”

“ट्रॅक्टर आहे आमचा. ज्वारी निघाली की अप्पा त्याला पात्यांचा रोटर जोडून रानात फिरवतात, दोनदा तीनदा. माती अशी करतात मॅडम, मैद्यागत.” हे सांगताना तिची मान ताठ झाली. गावात तसं रान दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

“दुष्काळाला कारणं पुष्कळ,” मॅडम म्हणाल्या. “लांबचा समुद्र तापतो आणि आपला पाऊस रुसतो. हवा गरम होत चाललीय, ती मातीतली ओल ओढून घेते. ते काही एकट्या अप्पांच्या हातात नाही. पण अमेरिकेतल्या लोकांनी माती धरून ठेवणारं गवतच नांगरून टाकलं. मग पाऊस थांबला, पिकं वाळली आणि वाऱ्याला माती उघडी सापडली. दुष्काळ परत येणारच, पोरी. धूळ यायची का नाही, ते आपण माती उघडी टाकतो का, त्यावर आहे. मैदा कधी फुंकून बघितलायस?”

सुभाष रोडवरून बसस्टँडकडं जाताना मैत्रिणींनी तिला सोडलं नाही. “अप्पांना विचारशील का हेच? त्यांच्यासमोर?” आरुषीनं डिवचलं.

“विचारते की. भिते का काय मी?”

घरी पोचेपर्यंत शेवंता मनातल्या मनात तीनदा भांडून जिंकली होती. नवलगुंदच्या वाटेवर, रस्त्याला लागून त्यांचं काळं रान. खळ्याकडच्या अर्ध्या रानात रोटर फिरून झाला होता. रस्त्याकडच्या अर्ध्यात ज्वारीची धसकटं अजून उभी होती.

“अप्पा, उरलेल्यात रोटर नको.”

तिच्या वडिलांनी, यल्लाप्पांनी, चहाची बशी खाली ठेवली. “आणि रस्त्यावरनं जाणाऱ्याला काय दाखवू, धसकटं? सोयरीक जुळवायला आलेला पाव्हणा घरात शिरायच्या आधी रान बघतोय. धसकटाचं रान म्हणजे आळशाचं रान. माझ्या बापानंसुद्धा असं ठेवलं नाही.”

“तण माजलं तर? आणि पेरायचं कशात?” आई कविता चुलीकडनंच म्हणाली.

“पेरणीच्या तोंडावर फिरवा की एकदा. आतापासनं तीन महिने माती उघडी कशाला?”

“साकु गं,” अप्पा म्हणाले. पुरे झालं म्हणायचं असलं की ते कन्नडवर येत. “शाळेत भाषणं कर. उद्या दुपारी रोटर लावणार.”

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकली. अप्पांनी ट्रॅक्टर चालू केला तेवढ्यात रस्त्याच्या बाजूनं वारा सुटला. शेवंता खळ्यावर आईबरोबर मिरच्या पालथ्या करत होती. लालभडक ब्याडगी, आठवडाभर वाळवलेली. वारा आधी धसकटांत शिरला. ती नुसती खसखसली, एक कण उठला नाही. मग तो मैद्यागत मऊ रानावर आला आणि जमिनीतनं काळा पडदा उभा राहिला. बघता बघता मिरच्या दिसेनाशा झाल्या.

वारा निघून गेला तेव्हा कविताच्या पापण्यासुद्धा काळ्या झाल्या होत्या. तिनं एक मिरची उचलून पदराला पुसली. लाल निघाली नाही.

“उन्हाळा म्हटल्यावर धूळ येणारच,” अप्पा ट्रॅक्टर बंद करून म्हणाले. पण आवाज खाली आला होता.

“वारा सगळ्या रानावरनं आला, अप्पा. धूळ इथनंच उठली, तिथनं नाही. तुम्ही बघितलंत. माझ्याकडं बघू नका, आईकडं बघा.”

त्यांनी बघितलं. हातातली मिरची कवितानं ट्रॅक्टरच्या बॉनेटवर, नवऱ्याच्या समोर ठेवली.

“लोक हसतील,” अप्पा म्हणाले. “पारावर बसायची चोरी होईल मला.”

शेवंता उठली. तोंड धुळीनं माखलेलं, दात तेवढे पांढरे.

“अप्पा, आई, मी ठरवलंय. त्या अर्ध्या रानात पेरणीच्या तोंडापर्यंत रोटर जाणार नाही. लावलात तर मी धसकटांत जाऊन बसणार. आणि रस्त्याकडंला पाटी लावणार, कन्नडात आणि मराठीत. ‘हे रान शेवंतानं राखलंय. हसायचं तर तिला हसा.’ फळी कुठली घेऊ, तेवढं सांगा.”