गाडी ढकलायची राहिली

दर रविवारी सकाळी आमच्या सानपाड्याच्या सोसायटीत, खाली पार्किंगमध्ये, मी मुलांना काहीबाही शिकवतो. तेहेतीस वर्षं आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग घेतला, त्यामुळे निवृत्तीनंतरही हात स्वस्थ बसत नाहीत. पाच-सहा मुलं येतात. पंक्चर कसं काढतात, ब्रेक दाबला की आत काय होतं, असलं काहीतरी चालतं. त्यात तिसऱ्या मजल्यावरची क्षिप्रा, वय वर्षं दहा, माप वाचण्यात सगळ्यांत पक्की. टेपवरचा आकडा तिरका बघायचा नाही, बरोबर समोरून बघायचा, हे तिला एकदाच सांगावं लागलं.

जानेवारीत आमच्या शेजारच्या हरेशने गाडीला आखूड स्प्रिंगा बसवल्या. गाडी दोन इंच खाली आली. हरेश इथल्या मूळ गावातला, सव्वीस वर्षांचा, गाडीवर भारी जीव.

"आता पावणे गावातल्या गॅरेजला नेतो काका, मशीनवर अलाइनमेंट करतो," तो म्हणाला.

"मशीन कशाला? दोरी आणि टेप आण. मुलांनाही बघायला मिळेल."

मी मुलांना समजावलं. गाडी खाली बसली की चाकांना धरणाऱ्या दांड्यांचे कोन बदलतात आणि पुढची चाकं बदकाच्या पायांसारखी बाहेर फाकतात. मग ती रस्त्याला घासत चालतात, टायर आतल्या कडेने झिजतं. म्हणून दोन चाकांमधलं अंतर पुढून मापायचं, मागून मापायचं, आणि दोन्ही सारखं येईपर्यंत टाय रॉड, म्हणजे चाकं वळवणारा दांडा, फिरवायचा.

यात एक गोष्ट विसरायची नसते. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मापायची नाही. चाकं जमिनीला धरून राहतात, गाडी पूर्ण खाली बसत नाही. ती आधी चार हात पुढे-मागे ढकलायची. हे मी वर्गात इतक्या वेळा सांगितलं आहे की मुलं माझी नक्कल करायची. त्या दिवशी मागे कुणाचीतरी स्कूटर लॉक करून ठेवलेली होती, पुढे खांब होता, आणि हरेशला हळदीला जायची घाई होती. मी गाडी ढकलली नाही.

क्षिप्राने वाचलं, "पुढे एकशे बेचाळीस सेंटीमीटर. मागे एकशे बेचाळीस. सेम!"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं.

दीड महिन्याने हरेश कोल्हापूरला जाऊन आला आणि रविवारी थेट आमच्या घोळक्यात येऊन उभा राहिला.

"काका, टायर बगा. आतून पार तार दिसाया लागली हाय."

मी वाकून बघितलं. दोन्ही टायर, आतून, सारखीच झिजलेली. बघताक्षणी मला ती स्कूटर आठवली. शंकेला जागाच नव्हती.

"तुमी तर बोल्लेले, मशीनपेक्षा भारी," हरेश हसत म्हणाला. "माप कोनी वाचलं व्हतं? या चिमनीने?"

क्षिप्राची आई, सुचित्रा, भाजीची पिशवी घेऊन तिथेच थांबली होती. मुलं माझ्याकडे बघत होती. आणि मी म्हणालो, "लहान मुलं आहेत रे. वाचताना दोन-चार मिलिमीटर इकडे तिकडे व्हायचेच."

मी हे अगदी मायेने म्हणालो. क्षिप्राच्या डोक्यावर हातसुद्धा ठेवला.

"सॉरी, हरेशदादा," ती म्हणाली.

"जाऊ दे गं, टेन्शन नको घेऊ," हरेश म्हणाला.

पुढचे दोन रविवार क्षिप्रा आली नाही. परीक्षा असेल, असं मी स्वतःला सांगितलं. मग एकदा लिफ्टमध्ये सुचित्रा भेटली.

"सर, क्षिप्राचे डोळे तपासून आणले. नंबर नाही म्हणाले डॉक्टर."

"डोळे? का?"

"म्हणते, मला आकडे चुकीचे दिसतात. भूमितीची एक रेघ चार-चारदा मापते. परवा गणिताचा पेपर अर्धा सोडून आली. पहिलीच तीन उत्तरं तपासत बसली होती." ती थोडं हसली. "तुमच्यावर फार विश्वास तिचा. आजोबा म्हणाले म्हणजे माझंच चुकलं असेल, म्हणते."

माझा मजला आला. मी बाहेर पडलो आणि दार मिटलं.

संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. क्षिप्राला समोर बसवलं आणि सांगितलं की तिचं माप बरोबर होतं, चूक माझी होती.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "आईने सांगितलं ना तुम्हाला असं बोलायला?"

"नाही गं."

"मला वाईट वाटू नये म्हणून तुम्ही बोलताय. तुम्ही सगळ्यांनाच असं सांगता. मागे निहारने ब्रेकचं चुकीचं सांगितलं, तरी तुम्ही त्याला छान म्हणालात."

ते खरं होतं. मुलांचं मन मोडू नये म्हणून मी चुकीच्या उत्तरालाही छान म्हणतो. आता मी खरं बोलत होतो तर तेही त्यातलंच वाटत होतं.

मी हरेशकडे गेलो. सगळं सांगितलं आणि म्हटलं, "रविवारी गाडी दे. जुनी टायर तशीच असू देत."

हरेश माझ्याकडे वळला.

"म्हंजे तुमाला तवाच म्हाईत होतं?"

"हो."

"टायरचं काय नाय काका, टायर मिळतात. पन हे बरं नाय केलं तुमी. पोरीने मला सॉरी बोल्लं."

"मला माहीत आहे."

"मी हसलो तिला," तो म्हणाला. "येतो रविवारी."

रविवारी सगळी मुलं आली. सुचित्रा क्षिप्राला हाताला धरून घेऊन आली. गाडीच्या मागे-पुढे जागा मोकळी करून घेतली होती. मी गाडी जॅकवर घेतली, टाय रॉडवर मागच्या वेळी केलेल्या खुणा बघितल्या, कुणी हलवलेलं नव्हतं. गाडी खाली उतरवली.

"वाच," मी म्हणालो.

तिने टेप लावली, बघितलं, पुन्हा बघितलं, तिसऱ्यांदा गुडघ्यावर बसून बघितलं. "एकशे बेचाळीस. दोन्हीकडे," अगदी हळू. मग माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, बरोबर आहे का ते शोधायला. मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

"आता ढकला रे."

हरेशने आणि मुलांनी गाडी चार हात पुढे नेली, मागे आणली. बॉनेटवर दोनदा दाब दिला. गाडी अंग सोडून खाली बसली, ते सगळ्यांना दिसलं. क्षिप्रालाही दिसलं. तिने स्वतःच टेप उचलली.

"पुढे एकशे बेचाळीस आणि चार मिलिमीटर." मागच्या बाजूला गेली. "मागे कमी. एकशे एक्केचाळीस आणि नऊ मिलिमीटर." तिने बोटांवर हिशेब केला. "पाच मिलिमीटर फाकलंय. ढकलल्यावर!"

"त्या दिवशी मी ढकललीच नव्हती," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. "क्षिप्राने बरोबर वाचलं होतं."

ती उभी राहिली.

"हरेशदादाने विचारलं, तेव्हा तुम्हाला आठवत होतं?"

"हो."

"मग माझं नाव का घेतलंत?"

तेहेतीस वर्षांत कुठल्याही मुलाच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं मी टाळलं नव्हतं. "लाज वाटली म्हणून," मी म्हणालो. ते उत्तर तिला पुरलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. ते पुरण्यासारखं नव्हतंही.

ती हरेशकडे वळली. "दादा, मशीनवर पण गाडी आधी ढकलतात का?"

"म्हाईत नाय गं. आत्ता पावण्यालाच चाललोय. येतेस बगायला? ताई, तुमी पन चला."

सुचित्राने मान हलवली. निहारसुद्धा मागे जाऊन बसला. गेटजवळच्या गतिरोधकावर गाडीचं पोट घासू नये म्हणून हरेशने तिघांना खाली उतरवलं, गाडी तिरकी काढली, मग ती पुन्हा आत बसली. क्षिप्रा काहीतरी विचारत होती, हातवारे करून. मला कुणी चला म्हणालं नाही, आणि मीही विचारलं नाही. मी जॅकचा दांडा काढून घेतला आणि उरलेल्या तीन मुलांकडे वळलो.