कपाट आतून पिवळं

नवऱ्याला साधा पांढरा रंग हवा होता आणि चष्मेबाईंना पांढरा मुळीच नको होता. एवढ्यावरून त्या घरात कितीतरी दिवस धुसफुस चालली होती.

"लहान मुलाची खोली आहे ती. पांढरा मारून दवाखाना करायचाय का?"

"अगं, मळला तर परत मारता येतो. शेड जुळवत बसायची कटकट नाही."

"आधी मळू तर द्या!"

असं म्हटलं की वाद तिथेच तुटायचा. मळवणारं कुणी घरात अजून आलेलंच नव्हतं.

चष्म्याच्या दुकानात नोकरीला म्हणून त्या चष्मेबाई. इमारतीत सगळे त्यांना असंच म्हणायचे, आणि थट्टेत आला की नवराही. त्याचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. लग्नानंतर बरीच वर्षं दोघांनी डॉक्टरांचे उंबरे झिजवले आणि एक दिवस चष्मेबाईच म्हणाल्या, "आता पुरे. आपण मूल दत्तक घेऊ." नवरा जणू याचीच वाट बघत होता. त्याने लगेच मान डोलावली.

संस्थेतल्या ताईंनी त्यांची एका पाच वर्षांच्या मुलीशी गाठ घालून दिली. तिची आई वारली होती, वडिलांचा ठावठिकाणा नव्हता, चौकशीला दुसरं कुणी आलं नव्हतं. पोरगी बोलायची कमी आणि साठवायची फार. बिस्किटं खिशात, शेंगदाणे मोज्यात आणि एक घास कायम गालात. पहिल्याच भेटीत नवऱ्याने तिला खारूताई म्हटलं. तिने गालातला घास न गिळताच विचारलं, "खारीला शेपूट असतं ना?"

"तुझंही येईल. थांब थोडं."

ती हसली. त्या हसण्यावर नवरा जो पाघळला तो पाघळलाच.

मग दर रविवारी खारूताई त्यांच्या घरी यायला लागली. कागदपत्रं व्हायची होती. ताईंनी बजावलंही होतं, "खोलीची एवढी घाई करू नका. हातात काही नाही अजून." पण सुतार लागला होता. भिंतीत बसवलेलं कपाट, पलंगाखाली खण, खिडकीखाली बसायला बाक. रंगाचंच तेवढं घोडं अडलं होतं. शेवटी नवरा म्हणाला, "आपण कशाला भांडतोय? जिची खोली, तिला विचारू."

रंगांचं कार्ड खारूताईपुढे ठेवलं. तिने ते उघडलं, मिटलं, पंख्यासारखं हलवून वारा घेतला आणि बाजूला ठेवलं. चष्मेबाई काकडी चिरत होत्या. खारूताईने एक चकती उचलून उजेडात धरली.

"काकडी आतून असते ना, तशी भिंत."

रंगारी तिथेच मोजमाप घेत होता. तो म्हणाला, "हे एक बरं झालं. अशी शेड आहे." त्याने कार्डातला फिका हिरवा काढून चकतीशेजारी धरला. खारूताईने चकती खाऊन टाकली आणि मान हलवली.

"आणि कपाट?"

"आतून पिवळं."

सुतार हसला. "आतून कुणी रंगवतं का, बाळ? आतून कोण बघणार आहे?"

"मी. मी आत बसले की मीच बघणार ना."

"आत कशाला बसायचं?"

तिने काकडीची आणखी एक चकती उचलून गालात ठेवली. पुढचा प्रश्न सुताराच्या ओठांवर आलाच होता, पण नवऱ्याने त्याला हाताने थांबवलं. लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी बाहेरून बोलत राहायचं, हे त्याच्या कामातलं पहिलं काम. बंद जागेतल्या अंधाराची त्याला माहिती होती. तो उकिडवा बसून तिला म्हणाला, "आतून पिवळं. आणि दाराला वर भोकं पाडू, म्हणजे हवा येईल, उजेडही येईल. चालेल?"

"चालेल. आणि दार आतून उघडलं पाहिजे."

"आतून उघडेल. माझा शब्द."

त्याने तो शब्द पाळला. कपाट बाहेरून पांढरंच राहिलं, त्याची तेवढी हौस चष्मेबाईंनी भागवली. पण आतून ते असं पिवळंधमक झालं की दार उघडलं की खोलीत दिवा लागल्यासारखं वाटायचं. दोन दारांना वर गोल भोकांची रांग, आत हाताला लागेल अशी मूठ. रंगाचा वास जावा म्हणून खिडक्या सताड उघड्या ठेवल्या. नवरा कामावरून आला की आधी त्या खोलीत जायचा, वास घ्यायचा आणि सांगायचा, "अजून थोडा येतोय. रविवारपर्यंत जाईल."

रविवार यायच्या आधी ताई आल्या. घरी नाही, दुकानात, जेवणाच्या सुट्टीत. चष्मेबाई एका आजींच्या चष्म्याची नाकावरची पकड सैल करत होत्या. ताईंचा चेहरा बघून त्यांना कळायचं ते कळलं. तरी त्यांनी आजींना चष्मा घालून दाखवला, कानामागे दुखत नाही ना विचारलं, डबीत फडकं घालून दिलं. मग त्या ताईंकडे वळल्या.

"बोला."

"तिची मावशी आली आहे," ताई म्हणाल्या. "सख्खी. परदेशात होती कामाला. बहीण गेल्याचं तिला उशिरा कळलं, तेव्हापासून शोधतेय. खरी आहे, आम्ही सगळं तपासलं. पोरीला न्यायचं म्हणतेय."

"आणि पोरगी काय म्हणतेय?"

"मावशी तिच्या आईसारखी दिसते," ताई हळूच म्हणाल्या. "बघितल्याबरोबर तिला जाऊन चिकटली."

चष्मेबाई एवढंच म्हणाल्या, "बरं झालं मग. रक्ताचं माणूस मिळालं." आणि दुकानाच्या मागच्या खोलीत जाऊन नळ सोडून उभ्या राहिल्या.

नवऱ्याने ऐकून घेतलं. रागावला नाही, रडला नाही. फक्त त्या खोलीच्या खिडक्या लावल्या आणि दार ओढून घेतलं. पुढे कितीतरी दिवस ते दार कुणी उघडलं नाही. सासूबाई येऊन म्हणाल्या, "पांढरा मारून टाका गं. डोळ्यांसमोर नको ते." चष्मेबाईंनाही ते पटलं. त्यांनी रंगाऱ्याला बोलावलं. तो आला, त्याने दार उघडलं, भिंतीवरून हात फिरवला.

"काय बिघडलंय? पोपडा नाही, ओल नाही. ताजा आहे हो रंग."

"ताजाच आहे," चष्मेबाई म्हणाल्या आणि पाठ फिरवून खिडकीकडे वळल्या. रंगारी जाणता माणूस होता. "पुढच्या आठवड्यात बघू," असं म्हणून निघून गेला आणि परत काही आला नाही.

मग एका सकाळी मावशीचा फोन आला. आवाज तरुण होता, दमलेला.

"तुम्हाला त्रास देतेय. नंबर ताईंनी दिला. ती झोपत नाहीये हो. कपड्यांच्या कपाटात जाऊन बसते आणि आत अंधार आहे म्हणून ओरडते. बाहेर काढलं तरी ओरडते. पिवळं कपाट, पिवळं कपाट, एवढंच. कुठला पिवळा तेवढं सांगाल?"

चष्मेबाईंच्या मनात पहिल्यांदा जे आलं, ते चांगलं नव्हतं. आपली आठवण येते तिला, याचा त्यांना आनंद झाला. पोरगी तिकडे ओरडतेय आणि आपण इकडे खूश होतोय, हे ध्यानात आलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. रंगाचं नाव फोनवर सांगता आलं असतं. पण त्या म्हणाल्या, "डब्यात उरलाय थोडा. आम्हीच येतो."

नवरा आधी नाहीच म्हणाला. "मला नाही जमायचं. तू जा."

"भोकं कोण पाडणार? मी?"

त्याने उठून ड्रिल पिशवीत टाकलं.

मावशीचं घर म्हणजे एक खोली, त्यात एक जुनं लाकडी कपाट. खारूताई मावशीच्या मागे उभी होती, तिचा कुर्ता मुठीत धरून. ती धावत आली नाही. नवऱ्याने वाकून हात पुढे केला, तर ती आणखी मागे सरकली. त्याने तो हात तसाच पिशवीकडे नेला, जणू ड्रिलच काढायचं होतं.

मग दोघं कामाला लागली. त्याने दारांना भोकं पाडली, आतून मूठ बसवली. चष्मेबाईंनी लाकूड घासून पुसून घेतलं. आणि मग तो गुडघ्यांवर बसून, डोकं कपाटात घालून रंग मारायला लागला. मावशी पुन्हा पुन्हा चहाचं विचारत होती, तिला कुठे उभं राहावं ते कळत नव्हतं. बाई चांगली होती. चष्मेबाईंना तेही सोसावं लागलं. वाईट असती तर निदान राग तरी धरता आला असता.

रंग अर्धा झाला तेव्हा खारूताई हळूहळू पुढे आली.

"त्या कोपऱ्यात पण."

"हो. कोपऱ्यात पण," नवरा आतूनच म्हणाला.

"काका, तुम्ही इथे राहणार?"

"नाही गं. आमचं घर आहे ना तिकडे."

"मग मी तिकडे येणार?"

नवऱ्याचा ब्रश थांबला. त्याने डोकं बाहेर काढलं नाही. मावशी भिंतीला टेकून उभी होती, तिच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता. तिघांपैकी कुणीतरी बोलायला हवं होतं. चष्मेबाई पोरीसमोर खाली बसल्या.

"नाही बाळा. तू इथे राहणार, मावशीकडे. मावशी तुला शोधत आली ना एवढ्या लांबून? हे कपाट तुझं. दार आतून उघडतं. आणि नाही उघडलं तर मावशीला हाक मारायची. आम्हाला नाही. मावशीला."

पोरीने त्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं. मग खिशातून अर्धं बिस्किट काढून त्यांच्या हातावर ठेवलं आणि मावशीकडे परत गेली.

निघताना जिन्यात मावशीची शेजारीण वर जाताना भेटली. वरून तिचा आवाज आला, "कोण आलं होतं गं?" आणि खारूताईचं उत्तर त्यांच्या कानावर पडलं, "रंगवाले."

नवरा हसला. खरंच हसला. आणि मग खालच्या पायरीवर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून जे रडला, ते येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वाट वाकडी करून बघितलं. चष्मेबाईंनी त्याला थांबवलं नाही. ड्रिलची पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसून राहिल्या.

पुढे मावशीचे काही फोन आले. पोरगी झोपायला लागली होती, शाळेत घातली होती, कपाटात बसणं कमी झालं होतं. मग मावशीला दुसऱ्या गावी काम मिळालं आणि फोन थांबले. चष्मेबाईंनी आपणहून केला नाही. पोरीला दोन घरांमध्ये लोंबकळत ठेवायचं नाही, असं ताईंनी सांगितलं होतं आणि त्यांनाही ते पटलं होतं. पटलं म्हणून दुखायचं काही राहिलं नाही.

पुढच्या वर्षी संस्थेतून दुसऱ्या एका मुलासाठी पुन्हा विचारणा झाली. नवरा म्हणाला, "माझ्याच्यानं आता नाही होणार गं." चष्मेबाईंनी आग्रह धरला नाही. त्यांनी ताईंना तसं कळवलं. फोन ठेवून वळल्या तर नवरा त्या खोलीत खिडकीखालच्या बाकावर जाऊन बसला होता. मुलाच्या मापाचा बाक, त्याचे गुडघे पार छातीपाशी आले होते. त्यांना बघून तो थोडा सरकला. चष्मेबाई त्या उरल्या जागेत कशाबशा मावल्या आणि दोघं तशीच बसून राहिली.